जुनी ७०-२०० घ्यायची आहे? आधी स्वतःच्या बॉडीवरचं नाव वाचा



तुळशीचं लग्न जवळ आलं की फोटोग्राफीचा धंदा नव्याने सुरू केलेली मुलं दुकानात येतात आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, "सर, जुनी ७०-२०० मिळून राहिली, घेऊ का?" व्हिडिओत मी लेन्स हातात धरून तपासणी दाखवली आहे. पण कोणत्या बॉडीवर कोणती जुनी लेन्स चालते आणि त्यामागे पैशाचा हिशोब कसा मांडायचा, हे पंधरा मिनिटांत बसत नाही. ते शांतपणे वाचायचं काम आहे. म्हणून हा लेख.

या जुन्या लेन्स एवढ्या बाजारात का आल्या, ते आधी बघा. २०१८ मध्ये कॅननने ईओएस आर आणि निकॉनने झेड ६, झेड ७ हे मिररलेस कॅमेरे आणले. तेव्हापासून मोठ्या शहरांतले स्टुडिओवाले हळूहळू डीएसएलआरचा सेट काढून मिररलेसवर चाललेत. त्यांच्या कपाटातल्या लेन्स आता आपल्याकडे येतात. यात काही लेन्स खरंच सोनं आहेत. पाच-दहा वर्षं लग्नं मारून झालेली लेन्ससुद्धा नीट सांभाळलेली असेल तर तुम्हाला आणखी पाच वर्षं पोसेल. आणि काही लेन्स त्यांच्या मालकाने फक्त एकाच कारणासाठी विकायला काढलेल्या असतात. ते कारण तो तुम्हाला सांगत नाही.

आता मुद्द्यावर येऊ. नव्वद टक्के लोक किंमत आधी विचारतात, मग लेन्स बघतात, आणि बॉडीवर लावून बघायचं घरी गेल्यावर सुचतं. हा क्रम उलटा करा. आधी बॉडी, मग काम, मग लेन्सची तब्येत, आणि किंमत सगळ्यात शेवटी.

बॉडी काय म्हणते

निकॉनवाल्यांनी हा भाग दोनदा वाचावा. निकॉनची जुनी ८०-२०० एफ २.८ डी ही दणकट लेन्स आहे, चित्र आजही सुंदर देते आणि स्वस्तात मिळते. पण तिच्यात फोकसची मोटर नाही. बॉडीच्या माउंटमधून एक छोटा स्क्रू बाहेर येतो, तो लेन्स फिरवतो, तेव्हा फोकस होतो. डी९०, डी७०००, डी७१००, डी७२००, डी७५००, डी६१०, डी७५० या बॉडीत तो स्क्रू आहे. डी३००० पासून डी३५०० पर्यंत आणि डी५००० पासून डी५६०० पर्यंतच्या कोणत्याही बॉडीत तो नाही. म्हणजे आपल्या जिल्ह्यात नव्या मुलांकडे सगळ्यात जास्त ज्या बॉडी आहेत, त्यांच्यावर ही लेन्स लागते, फोटोही निघतो, फक्त ऑटोफोकस होत नाही.

आमच्या एका बॅचमधल्या रिसोड तालुक्यातल्या मुलाबरोबर हेच झालं. बापाने सोयाबीनच्या पैशातून रक्कम दिली होती, बॉडी डी५३००, आणि लेन्स घेतली ८०-२०० डी. विकणाऱ्याने स्वतःच्या डी७५० वर लावून दाखवली, फोकस झकास. घरी येऊन याने स्वतःच्या बॉडीवर लावली आणि मला फोन, "सर, फोकसच नाही होऊन राहिला." लेन्स खराब नव्हती. विकणारा खोटंही बोलला नव्हता, त्याला कोणी विचारलंच नव्हतं. चार दिवसांवर लग्नाची ऑर्डर. अंतरपाट बाजूला होतो तो क्षण एकदाच येतो, तेव्हा हाताने रिंग फिरवत बसलात तर नवरीच्या चेहऱ्याऐवजी मागच्या झेंडूच्या माळा शार्प येतात. त्याने ते लग्न भाड्याच्या लेन्सवर केलं आणि ८०-२०० पुढे तोट्यात विकली.

निकॉनमध्ये तुमची बॉडी स्क्रू नसलेली असेल तर लेन्सच्या नावात 'एएफ-एस' अक्षरं शोधा. नुसतं 'एएफ' असेल तर सोडून द्या. निकॉनच्या झेड मिररलेसवर एफटीझेड अ‍ॅडॉप्टर लावूनही हाच नियम आहे : एएफ-एस चालते, स्क्रूवाली डी लेन्स लागते पण ऑटोफोकस देत नाही.

कॅननवाल्यांचं नशीब इथे चांगलं. १९८७ मध्ये कॅननने ईएफ माउंट आणलं तेव्हापासून मोटर लेन्समध्येच ठेवली. त्यामुळे १९९५ ची ७०-२०० एफ २.८ एल आजच्या १५००डी वरही ऑटोफोकस करते, आणि आर सिरीजच्या मिररलेसवर कॅननच्या अ‍ॅडॉप्टरने ती चालते. पण दोन सापळे इथेही आहेत. एक, नव्वदच्या दशकातल्या काही सिग्मा लेन्स. या कॅननच्या डिजिटल बॉडीवर लागतात, पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला फोटो देतात, आणि अ‍ॅपर्चर जरा बंद केलं की एरर दाखवून कॅमेरा थांबतो. दुसरा सापळा म्हणजे कॅननचीच एफडी लेन्स. ईएफच्या आधीच्या फिल्म कॅमेऱ्यांची ही लेन्स. एफडीमध्ये माउंटपासून फिल्मपर्यंतचं अंतर ४२ मिलिमीटर, ईएफमध्ये ४४. हे दोन मिलिमीटर आडवे येतात. साध्या रिंगने ती डीएसएलआरवर लावली तर दूरचं काहीच फोकस होत नाही. टेलिफोटो घ्यायची आणि दूरचं दिसायचं नाही, मग घ्यायची कशाला! मिररलेसवर हे अंतर खूप कमी असतं, कॅनन आरएफचं २० मिलिमीटर, त्यामुळे तिथे साधा अ‍ॅडॉप्टर चालतो. पण फोकस हातानेच. हौसेला छान, ऑर्डरला नाही.

काम कोणतं आहे

लेन्स कुठे उभी राहून वापरणार आहात, ते पावलांनी मोजा. हे गणित कोणी शिकवत नाही, म्हणून जरा थांबून समजून घ्या.

कॅननच्या क्रॉप बॉडीचा सेन्सर साधारण २२ बाय १५ मिलिमीटरचा. २०० एमएमवर कॅमेरा उभा धरला तर पूर्ण उभा माणूस फ्रेममध्ये यायला १६-१७ मीटर अंतर लागतं, म्हणजे जवळपास ५५ फूट. छातीपर्यंतचा फोटो हवा असेल तर २० फूट पुरतात. लॉनवरच्या लग्नात, स्टेजसमोरच्या खुर्च्यांच्या दुसऱ्या-तिसऱ्या रांगेतून तुम्हाला हेच पाहिजे असतं. नवरा-नवरीच्या आणि कॅमेऱ्याच्या मध्ये मामा-मावश्यांची गर्दी न येता चेहऱ्यावरचे भाव मिळतात.

आता उलट बाजू. घरातली हळद. ७० एमएमवर कॅमेरा आडवा धरला तर क्रॉप बॉडीवर उभा माणूस पूर्ण यायला २८ फूट लागतात. आपल्या घरांची खोली केवढी असते? भिंतीला पाठ लावली तरी जमत नाही. म्हणून ७०-२०० आली की किट लेन्स विकून टाकतो म्हणणाऱ्यांनो, थांबा. अर्धं लग्न त्या १८-५५ वरच होतं.

कारंजा-सोहोळ अभयारण्यात काळवीट टिपायचे म्हणून ही लेन्स घेणारेही भेटतात. हिशोब करा. १०० मीटरवरून २०० एमएमला क्रॉप बॉडीवर फ्रेमची रुंदी येते ११ मीटर. काळविटाचं अंग सव्वा मीटरच्या आसपास. म्हणजे फोटोच्या नवव्या हिश्शात काळवीट आणि बाकी सगळं गवत. वन्यजीवांसाठी ३०० किंवा ४०० एमएमच्या लेन्स वेगळ्या. वर १.४ एक्सचा कन्व्हर्टर लावता येतो, पण तो एक स्टॉप उजेड खातो, २ एक्सचा दोन स्टॉप. एफ ४ च्या लेन्सवर २ एक्स लावला की एफ ८ होतं, आणि बऱ्याच डीएसएलआर तिथे ऑटोफोकस सोडून देतात. शिवाय स्पष्ट बोलायचं तर काळविटाच्या फोटोला आपल्या भागात गिऱ्हाईक नाही. हौस असेल तर जरूर करा, पण धंद्याच्या वहीत लिहू नका.

धंद्याच्या वहीत लिहायची कामं वेगळी आहेत : रात्रीची लग्नं, शाळा-कॉलेजची स्नेहसंमेलनं, कबड्डीचे सामने, रामनवमीला पोहरादेवीची यात्रा, आणि शंकरपट. १६ डिसेंबर २०२१ ला सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्रात बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने कायदा कायम ठेवला, तेव्हापासून गावोगावी पट पुन्हा भरतायत. बैलजोडीच्या मालकाला आपल्या जोडीचा धावतानाचा मोठा फोटो फ्रेम करून पाहिजे असतो, आणि तो पैसे देताना घासाघीस करत नाही. हे काम फोनवर होत नाही. इथे चांगली टेलिफोटो खरंच कमावते.

एफ २.८ की एफ ४, आयएस पाहिजे की नको

एफ २.८ ही एफ ४ च्या बरोबर दुप्पट उजेड आत घेते. रात्रीच्या मंडपात २.८ वर आयएसओ ३२०० ला जो फोटो निघतो, त्याच शटरला एफ ४ वर ६४०० लागतो. नव्या फुलफ्रेम बॉडीवर फरक जाणवणार नाही. पण ७००डी किंवा १२००डी सारख्या बॉडीवर ६४०० ला चेहऱ्यावर रवा पसरल्यासारखे दाणे येतात, आणि करिझ्मा अल्बमच्या १२ बाय ३६ च्या पानावर ते गिऱ्हाइकालाही दिसतात.

मग सगळ्यांनी २.८ घ्यावी का? नाही. कॅननची ७०-२०० एफ ४ एल, १९९९ ची, बिना आयएसची, ७०५ ग्रॅमची आहे. एफ २.८ एल आयएसचं दुसरं व्हर्जन, २०१० चं, १४९० ग्रॅमचं. दुपटीहून जास्त. बारा तास गळ्यात अडकवून बघा म्हणजे कळेल. ज्याचं काम दिवसाचं आहे, शंकरपट, खेळ, शाळेची परेड, प्री-वेडिंग, त्याने एफ ४ एल घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. कमी पैशात तेवढी शार्प लेन्स दुसरी नाही.

आयएस, निकॉनच्या भाषेत व्हीआर, याबद्दल गैरसमज फार. आयएस तुमच्या हाताचा थरथराट थांबवतो, समोरच्याचं नाचणं थांबवत नाही. वरातीत नाचणारे करवले १/६० ला हलणारच, आयएस असो वा नसो. हात हलू नये म्हणून शटर किती ठेवायचं, याचा जुना नियम : लेन्सच्या एमएमइतकं. क्रॉप बॉडीवर २०० गुणिले १.६ म्हणजे ३२०, तर शटर १/३२०. हलणाऱ्या माणसासाठी तसंही तेवढं लागतंच. म्हणून फक्त फोटो काढणाऱ्याला बिना आयएसची २.८ चालते, मोनोपॉड घ्या की झालं. पण व्हिडिओही तुम्हीच करत असाल तर आयएस नसलेली टेलिफोटो बघूसुद्धा नका. २०० एमएमवर हातातला व्हिडिओ म्हणजे गिऱ्हाइकाला चक्कर.

एक बारीक गोष्ट जाता जाता. मंडपातले स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/३२० ला फोटोत काळे-पिवळे पट्टे आले तर तो लेन्सचा दोष नाही. उगाच विकणाऱ्याशी भांडू नका. शटर १/१०० ला आणलं की पट्टे जातात, आणि मग तिथे आयएस कामाला येतो.

कोणतं व्हर्जन घ्यावं? कॅननची १९८९ ची काळ्या रंगाची ८०-२०० एफ २.८ एल देखणी आहे, पण तिचे पार्ट आता मिळत नाहीत, मोटर गेली की शोपीस. १९९५ ची बिना आयएसची २.८ मजबूत. २००१ ची पहिली आयएस, दर बरा असेल तर ठीक. २०१० ची आयएस टू सगळ्यात भरवशाची, म्हणून तिचा दर लवकर पडत नाही. निकॉनची २००३ ची ७०-२०० व्हीआर फुलफ्रेमवर कोपऱ्यात मऊ पडते, क्रॉप बॉडीवर ते कोपरे येतच नाहीत, त्यामुळे डी७२०० वाल्याला ती फायद्याची. टॅमरॉनची २०१७ ची जी टू मिळाली तर आनंदाने बघा.

लेन्स हातात आल्यावर

स्वतःची बॉडी, चार्ज केलेली बॅटरी, रिकामं कार्ड आणि मोबाईलचा टॉर्च घेऊन जा. विकणाऱ्याच्या बॉडीवर केलेली तपासणी धरायची नाही.

दोन्ही टोपणं काढा, अ‍ॅपर्चर उघडं असू द्या, मागून टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. धुळीचे चार कण प्रत्येक जुन्या लेन्समध्ये असतात, त्याने फोटोला काही होत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. पांढुरकी धुकट साय दिसली तर उजेडासमोर फोटो फिका येणार. बुरशीवाली लेन्स कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. साफ करायला ती नागपूर, पुण्याला पाठवावी लागते आणि काचेवरचं कोटिंग खाल्लेलं असेल तर साफ करूनही डाग राहतो. काचेवरचा ओरखडा मात्र कुठे आहे ते बघा : पुढच्या काचेवरचा बारीक ओरखडा फारसा त्रास देत नाही, मागच्या काचेवरचा देतो.

मग एफ १६ ला सलग दहा फोटो, एकाच उजेडात, मॅन्युअल मोडवर. दहाही सारखे उजळ आले पाहिजेत. एखादा पांढरा पडला तर अ‍ॅपर्चरची पाती तेलाने चिकटतायत.

पुढची तपासणी बहुतेक लोक करत नाहीत आणि खरे पैसे हीच वाचवते. भिंतीवर वर्तमानपत्राचं पान सपाट चिकटवा. कॅमेरा ट्रायपॉडवर, २०० एमएम, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं. एक फोटो व्ह्यूफाइंडरमधून फोकस करून, दुसरा लाइव्ह व्ह्यूमधून. दोन्ही झूम करून अक्षरं वाचा. लाइव्ह व्ह्यूचा शार्प आणि व्ह्यूफाइंडरचा मऊ असेल तर काच चांगली आहे, फक्त बॉडी-लेन्सचा मेळ बसत नाही. ७डी, ५डी मार्क टू, डी७००० यांसारख्या बॉडीत तो मेळ मेनूमधून बसवता येतो, ७००डी-१२००डी मध्ये येत नाही. दोन्ही मऊ असतील तर लेन्सच आजारी. आणि चार कोपऱ्यांपैकी एकच कोपरा धूसर असेल तर लेन्स कधीतरी पडलेली आहे, मालक काहीही सांगो.

शेवटी सतत फोकसवर ठेवून रस्त्यावरून येणारी मोटारसायकल पकडा, जवळ-दूर वीस वेळा. निकॉनच्या जुन्या एएफ-एसमधून फोकस करताना चूं-चूं आवाज आला तर मोटर जायच्या वाटेवर आहे. ट्रायपॉड कॉलर आणि हूड सोबत आहे का तेही बघा. नसेल तर किंमतीतून वजा करा.

आता किंमत

समजा लेन्स ४०,००० ला मिळते आणि तीच लेन्स तुम्हाला भाड्याने दिवसाला ८०० ला मिळते. आकडे तुमच्या गावाचे टाका, पद्धत हीच ठेवा. ४०,००० भागिले ८०० म्हणजे ५० दिवस. सीझनला तुमच्या हातात टेलिफोटो लागेल अशा किती ऑर्डर आहेत? दहा असतील तर पाच सीझन. एवढ्या वर्षांत ही आधीच जुनी लेन्स टिकेल का? पंचवीस असतील तर दोन सीझनमध्ये पैसे वसूल, घ्याच. दहावाल्याने यंदा भाड्याने आणावी, आणि भाड्याचे ८०० कोटेशनमध्ये धरावेत. विकताना परत काय येईल तेही धरा : कॅनन-निकॉनच्या ओरिजिनल लेन्सला पुढचा गिऱ्हाईक लवकर मिळतो, पार्ट न मिळणाऱ्या लेन्सला कोणीच मिळत नाही.

पैसे कर्जाने उभे करणार असाल तर एक अडचण आधीच ओळखा. मुद्राच्या शिशु गटात ५०,००० पर्यंत कर्ज मिळतं, पण बँक दुकानाचं कोटेशन मागते. एखाद्या फोटोग्राफरकडून जुनी लेन्स घेताना ते कुठून आणणार? म्हणून कर्जातून नवी बॉडी किंवा प्रिंटर, आणि जुनी लेन्स स्वतःच्या शिलकीतून, अशी वाटणी बरी पडते. उधार घेऊन जुनी वस्तू घेणं मला पटत नाही, कारण ती बंद पडली तरी हप्ता बंद पडत नाही.

पैसे यूपीआयने द्या. साध्या कागदावर पावती लिहून घ्या : लेन्सचं पूर्ण नाव, सिरियल नंबर, रक्कम, तारीख, विकणाऱ्याची सही आणि ओळखपत्राची झेरॉक्स. जुनं बिल असेल तर त्यावरचा नंबर लेन्सवरच्या नंबराशी जुळवा. चोरीची लेन्स निघाली तर हाच कागद तुमच्या बाजूने बोलतो. कागद द्यायला जो कां-कूं करतो, त्याच्याकडून वस्तू घेऊ नका, दर कितीही चांगला असो.

घ्यायची वेळ कोणती, तर चातुर्मास. मुहूर्त नसतात, विकणाऱ्याला पैशाची गरज असते, आणि तुम्हाला तपासायला, सराव करायला कार्तिकापर्यंत वेळ मिळतो. पावसाळ्यात घेतलेली लेन्स मात्र बॅगेत कोंबून ठेवू नका. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि शंभर-दीडशे रुपयांचं ओलावा मोजायचं छोटं मीटर. काटा ६० च्या वर गेला की पुड्या बदला. आठवड्यातून एकदा लेन्स बाहेर काढून दहा-वीस फोटो काढा, म्हणजे मोटर आणि पातीही मोकळी राहतात.